रविवारची लाल चौकट

रविवारी सकाळी हिद्दच्या त्या हॉलचं दार ढकललं, की रिचेलला आधी वास भेटायचा, मग माणसं. दोन दिवस कोंडलेल्या गालिच्याचा वास, एसीच्या ओल्या जाळीचा वास, आणि कुणीतरी गुरुवारी ड्रॉवरमध्ये विसरलेल्या अंड्याच्या रोलचा वास. बहारीनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणजे तो रोल तिथे उकाड्यात दोन दिवस मुक्कामाला. नाकाला रुमाल लावून ती पहिल्या टेबलाशी जायची, कॉम्प्युटरचा पडदा सुरू करायची, आणि पडद्यावर ती लाल चौकट हजर. बत्तीस टेबलं, बत्तीस चौकटी.

आता ही भानगड काय, ते आधी सांगायला हवं. कंपनीचं काम बंदरातून कंटेनर उचलून बेटभर पोचवायचं. हॉलमधले कारकून ट्रकवाल्यांना गेटपास काढून देतात. त्यांच्या टेबलांवरच्या कॉम्प्युटरांना पोटच नाही. म्हणजे आत डिस्क नाही, स्वतःचं काही साठवलेलं नाही. हॉलमध्ये सगळे त्यांना डबे म्हणतात. सकाळी डबा सुरू झाला, की तो केबलवरून मागच्या खोलीतल्या सर्व्हरकडे हात पसरतो, सर्व्हर त्याला त्या दिवसाचं चालण्याबोलण्याचं सगळं वाढतो, आणि डबा कामाला लागतो. जुन्या डब्यांनी दहा वर्षं अशीच निमूट काढली. जानेवारीत नवे डबे आले. नव्या डब्यांच्या दारात पहारेकरी बसवलेला. केबलवरून जे काही आत येऊ बघेल त्याच्या अंगावर ओळखीच्या कंपनीची मोहोर आहे का, ते तो तपासतो. मोहोर नसेल तर लाल चौकट, आणि दार बंद. सर्व्हरमधली फाईल जुनी, तिच्यावर मोहोर नव्हती.

मग उपाय काय? साहेबांनी सांगितला होता तो सोपा. प्रत्येक डब्याच्या सेटिंगमध्ये शिरायचं आणि पहारेकऱ्याला घरी पाठवायचं. "सिक्युअर बूट बंद कर, विषय संपला," असं कॉम्प्युटर विभागाचे हेड सुयोग सर सीफच्या मुख्य ऑफिसातून फोनवर म्हणाले होते. रिचेलने बंद केलंही. पण विषय संपेना. आठवडाभर डबे सुरळीत चालायचे आणि दर रविवारी पहारेकरी पुन्हा दारात उभा. जणू कुणी शनिवारी येऊन बत्तीसच्या बत्तीस जणांना नोकरीवर परत रुजू करून गेलंय.

वसईच्या रिचेल तुस्कानोला या कामाची आता शिसारी आली होती. त्या कीबोर्डांना हात लावायचा म्हणजे काय? कुणाच्या बटणांत झातर मसाल्याचे तीळ रुतलेले, कुणाच्या बटणांत नखं. हो, नखं. सतरा नंबरच्या टेबलावरचा माणूस बसल्या जागी नखं कापायचा. त्या सगळ्यावर वाकून दीड तास तीच पाच बटणं दाबायची, आणि खिडकीबाहेर ट्रकवाले काचेवर थापा मारताहेत, "यल्ला, मॅडम, यल्ला! जल्दी!"

त्या रविवारी मात्र सुयोग सर स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा लोट, हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात दोन कागद.

"रिचेल, सापडला आपला माणूस."

"कोण माणूस, सर?"

"अलीमियाँ. हॉलची किल्ली त्याच्याकडे. गेटच्या कॅमेऱ्यात सुट्टीनंतर पहिला आत शिरताना फक्त तोच दिसतो. हे बघ, रिपोर्ट टाईप करून आणलाय. टेक्निशियन म्हणून तू सही कर. परवा मालकांना, महमूद साहेबांना द्यायचाय."

रिचेलने वाचलं. अलीमियाँ खलफे, हॉलचे रखवालदार, यांनी कॉम्प्युटरांच्या सुरक्षेत वारंवार आणि हेतुपुरस्सर ढवळाढवळ केली आहे. तातडीने कामावरून कमी करावं.

"सर, चाचांना माऊससुद्धा धरता येत नाही."

"म्हणून तर! फडकं मारताना काहीबाही दाबत असणार."

"फडकं मारताना सेटिंगमध्ये शिरून, चार पानं ओलांडून, सेव्ह करून? बत्तीस वेळा? आणि इथे हेतुपुरस्सर लिहिलंय."

"तू वकील आहेस का?" सुयोग सर हसले. "हे बघ, बुधवारी ऑडिटवाले येताहेत. त्यांना कारण लागतं. आणि हा दुसरा कागद, त्यांच्या फॉर्मवर 'सुरक्षा चालू' इथे टिकमार्क कर."

"पण आपण ती बंद करतोय ना, दर रविवारी?"

"त्यांना कुठे माहितीये?"

कागद टेबलावर ठेवून ते गेले. अत्तर मागे राहिलं. रोलचा वास परवडला, असं रिचेलला झालं. तो बिचारा निदान कुजलेला आहे हे लपवत तरी नव्हता.

अलीमियाँ श्रीवर्धनकडचे. हिद्दच्या या हॉलची किल्ली सव्वीस वर्षं त्यांच्या कमरेला. जूनमध्ये कायमचे गावी जायचे होते. व्हिसा तोवरचा, तिकीट भाच्याने काढलेलं. कामावरून काढलं तरी दोन महिने आधी घरी पोचले असते, एवढंच, असं कुणी म्हणेल. पण माणूस सव्वीस वर्षांनी परततो तेव्हा बॅगेत काय आणतो, हे गाव बघत नाही का? त्यांच्या बॅगेत हा कागद जाणार होता. गावात हिद्दमधून आलेली माणसं कमी नव्हती. बॅग उघडायच्या आधीच तिच्यातला मजकूर वाड्यावस्तीत पोचला असता.

आणि हॉलमध्ये तर तो पोचलाच होता. सुयोग सरांनी सही व्हायच्या आधीच चार ठिकाणी कुजबुज सोडली होती. त्या दिवशी अलीमियाँ वेलचीच्या करक चहाचा थर्मास घेऊन फिरायला लागले, तर नऊ नंबरवाल्याने आपली बॅग टेबलावरून उचलून मांडीत घेतली. सतरा नंबरवाला, तो नखंवाला, मोठ्याने म्हणाला, "चाचा, आज कितने कंप्यूटर बिगाड़े?" आणि हसण्याची एक लाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. दहा वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायले, त्यांच्यावर! 

अलीमियाँ रिचेलपाशी आले. थर्मास तिच्या टेबलावर ठेवून खाली बघत म्हणाले, "बाय, मी काय केलंय, ते तरी कुणी मना सांगेल काय?"

"काही नाही केलंत, चाचा. चहा द्या."

चहा पिता पिता ती शेवटच्या तीन डब्यांकडे वळली. आता बघा, सवय ही किती आंधळी असते. सेटिंगचं पहिलं पान उघडलं, की तिचं बोट आपोआप चार पानं पुढे धावायचं. पहिल्या पानावर काय लिहिलंय, हे तिने तीन महिन्यांत कधी वाचलंच नव्हतं. आज हातात कप होता म्हणून बोट थांबलं, आणि डोळा वाचायला लागला. पहिल्या पानावर घड्याळ होतं. तारीख एक जानेवारी, साल दोन हजार एकोणीस. वेळ, दोन वाजून चाळीस मिनिटं.

तिने मनगटावर बघितलं. सात चाळीस.

अजून हात न लावलेले दोन डबे शेजारी होते, ते उघडले. एक जानेवारी, दोन एकेचाळीस. एक जानेवारी, दोन एकेचाळीस.

कीर्तनात बुवा ऐन कथेच्या वळणावर चिपळ्या थांबवतात आणि सगळा मंडप श्वास धरून बसतो, तशी ती बसली. घड्याळ विसरलेला डबा वीज मिळाली की शून्यापासून मोजायला लागतो. दोन तास चाळीस मिनिटं झाली, म्हणजे बरोबर पाच वाजता या सगळ्यांना एकदम वीज मिळाली होती. त्याआधी ती नव्हती, एसीही बंद. म्हणून एसीची जाळी ओली, म्हणून गालिच्याला वास. आणि पहाटे पाचला हॉलचं दार कोण उघडतं?

तिने कप खाली ठेवला.

"चाचा," ती हळूच म्हणाली, "गुरुवारी जाताना तुम्ही लाईटचं काय करता?"

"काय करणार? मेन खाली करतंय." त्यांनी अगदी सहज सांगितलं, आंघोळ करतो म्हणावं तसं. "घराला कुलूप लावायचं तर मेन पाडायचा, नायतर झोप कशी येल? सर्व्हरच्या खोलीची लाईन येगळी हाय, तिला हात लावत नाय. रविवारी फजरची नमाज झाली की येतंय आणि वर करतंय."

"किती वर्षं?"

"पयल्या दिवसापासून. माज्या भावाचं घर वीज पडून गेलं, बाय. माणसं लग्नाला गेली होती, मेन चालू. आली तर नुसत्या भिंती. तवापासून आमच्या घरात मेन पाडल्याबिगर कुलूप नाय."

बहारीनमध्ये आकाशातून वीज पडायची ती क्वचितच. पण कोकणातला माणूस आभाळ सोबत घेऊनच फिरतो, त्याला काय करणार? सव्वीस वर्षं ते मालकाचा हॉल स्वतःच्या घरासारखा बंद करत होते, आणि कुणी विचारलं नाही म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

रिचेलने एक डबा उलटा करून चार स्क्रू काढले. आत नाण्याएवढी बॅटरी असते, वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग तिच्या जिवावर टिकतं. मीटर लावला. बॅटरी मेलेली. दुसऱ्या डब्यात मेलेली. पाचव्या डब्यातही. डब्याच्या पाठीवरच्या लेबलात वर्ष होतं, दोन हजार एकोणीस. म्हणजे सुयोग सरांनी 'नवे' म्हणून आणलेले हे डबे कुठल्या तरी पत्र्याच्या कंटेनरमध्ये पाच-सहा उन्हाळे भाजून निघाले होते. मेन पडला की सेटिंग पुसलं जाई, आणि डबा कारखान्यातून आला तेव्हा जे शिकला होता तेच पुन्हा म्हणू लागे. पहारेकरी दारात. जुन्या डब्यांना पहारेकरीच नव्हता, म्हणून मेन पाडून काही बिघडत नव्हतं.

तिने हे सगळं चाचांना सांगितलं. ते ऐकत राहिले. मग खुर्चीत बसले. त्या हॉलमध्ये ते कधी खुर्चीत बसत नसत.

"म्हणजे मीच केलं."

"तुम्ही बटन खाली केलंत. बॅटरी मेली ती उन्हाने. आणि फाईलवर मोहोर नाही ती सरांनी नवी फाईल टाकू दिली नाही म्हणून. मी फेब्रुवारीत मेल लिहिली होती त्यांना, मोहोरवाली फाईल टाकू का म्हणून. 'आत्ता नको, बंद करून चालव' असं उत्तर आलं."

"पण बटन माजं होतं. मी जाऊन सांगतंय."

"आत्ता नको, चाचा! तुमच्या तोंडून एवढंच ऐकतील आणि पुढचं ऐकणार नाहीत. परवापर्यंत थांबा."

सोमवारी तिने मुहर्रकच्या घड्याळाच्या दुकानातून बॅटऱ्या आणल्या आणि दिवसभर डबे उलटे करत बसली. सर्व्हरवर मोहोरवाली फाईल टाकली. परवानगी विचारली नाही. विचारली असती तर काय आलं असतं, ते ठाऊक होतं. मग एकेका डब्यात शिरून पहारेकऱ्याला परत उभं केलं. पहिल्या डब्याला सर्व्हरने वाढलं, पहारेकऱ्याने मोहोर बघितली, बाजूला झाला, आणि डबा चालू. लाल चौकट नाही. इतकं साधं होतं ते! तीन महिने, दर रविवारी दीड तास, नखांवर वाकून तिने जे केलं, ते टाळता येण्यासारखं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला.

मंगळवारी महमूद साहेब आले. कंपनीचे मालक, बहारीनी, थोडक्यात बोलणारे. सुयोग सर मागोमाग, हातात रिपोर्टची दुसरी प्रत.

"सही?" त्यांनी रिचेलला दबक्या आवाजात विचारलं.

"नाही केली."

त्यांनी तोंड उघडायच्या आत अलीमियाँ पुढे झाले. परवापर्यंत थांबा म्हटलं होतं, परवा आला होता. "साहब," ते हिंदीत म्हणाले, "हर जुमेरात को मेन स्विच मैं बंद करता हूँ. उसी से होता है. बाई ने ढूँढ निकाला. गलती मेरी."

 आणि सुयोग सरांचा चेहरा! रिचेलने पुष्कळ घाणेरड्या गोष्टी बघितल्या होत्या, पण एखाद्या भल्या माणसाने आपण होऊन कबुली दिल्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर अशी तुकतुकी येताना बघितली नव्हती. पितळ घासल्यासारखा उजळला तो.

"सर, कबूल किया!" ते म्हणाले. "खुद बोला. मैंने रिपोर्ट में यही लिखा है."

"यही नहीं लिखा है," रिचेल म्हणाली. तिचा आवाज कापत होता, आणि त्याचाही तिला तिटकारा आला. "साहब, पाँच मिनिट दीजिए. चाचा, मेन पाडा."

अलीमियाँनी आधी महमूद साहेबांकडे बघितलं.

"पाडा, चाचा. मी सांगतेय."

खटका पडला. हॉल अंधारला, एसी घरघरून थांबला, बत्तीस पडदे काळे. बाहेरचे ट्रकवाले ओरडले. रिचेलने मनातल्या मनात पवित्र मरियेचं नाव घेतलं, साठ आकडे मोजले, आणि म्हणाली, "आता वर."

पडदे एकेक करून उजळले. पहिली रांग चालू. दुसरी चालू. लाल कुठेच नाही. फक्त सतरा नंबर काळाच राहिला. सुयोग सर लगेच तिकडे बोट दाखवणार, तोवर रिचेल वाकली, आणि टेबलाखाली नखंवाल्याच्या बुटाने निसटलेली केबल तिने परत खोचली. तोही चालू.

तिने पहिल्या डब्याचं सेटिंग उघडून महमूद साहेबांना दाखवलं, सुरक्षा चालू. मग मेलेल्या बॅटऱ्यांची पिशवी ठेवली, लेबलावरचं साल दाखवलं, फेब्रुवारीची मेल आणि तिचं उत्तर दाखवलं. महमूद साहेबांनी उत्तर दोनदा वाचलं.

"ये तुमने लिखा?"

"सर, तब टाईम नहीं था," सुयोग सर म्हणाले. "बाद में मैंने ही रिचेल को बोला, ये फाईल डालो. टीमवर्क, सर."

बघा, एवढ्या माणसांसमोर, पापणी न हलवता! रिचेलने ओठ मिटून घेतले. उघडले असते तर काय बाहेर पडलं असतं, याची तिला खात्री नव्हती.

 महमूद साहेबांनी रिपोर्ट हातात घेऊन मधोमध फाडला. "अली जून तक इधर रहेगा. खलास." आणि गेले. सुयोग सरांना काही झालं नाही. अशा माणसांना सहसा काही होत नाही. ते नातेवाईकासारखे कंपनीत राहतात.

दुपारी सगळ्यांच्या फोनवर मेल आली, झकास इंग्रजीत. हॉलमधली तांत्रिक अडचण सुटली आहे, सहकार्याबद्दल सर्वांचे आभार. अलीमियाँचं नाव त्यात नव्हतं. आणि असतं तरी त्यांना इंग्रजी कुठे येत होतं? नऊ नंबरवाल्याची बॅग अजून मांडीतच होती.

चार वाजता सुयोग सर आले आणि टेबलावरचा ऑडिटचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "आता तर खरंच चालू आहे ना? कर सही."

"करते. आधी चाचांबद्दल सगळ्यांना सांगा."

"मेल टाकली की!"

"बोलला होतात तोंडाने, सर. टेबलाटेबलापाशी जाऊन, हिंदीत. आता तसंच सांगा, इथे उभं राहून."

"तुझं डोकं फिरलंय का? मी हेड आहे."

"म्हणूनच सगळ्यांनी खरं मानलं ना?" तिने पेनाचं टोपण लावलं. "ऑडिटवाले उद्या नऊला येतात. टेक्निशियनची सही नसेल तर का नाही, ते मला विचारतील. मी सांगेन."

सुयोग सर घामेजले. अत्तर आणि घाम मिळून जो वास झाला, तो त्या हॉलमध्ये रविवारीसुद्धा कधी आला नव्हता. अलीमियाँ दाराशी थर्मास धुवत होते. त्यांनी मान वर केली. "बाय, जाऊ दे. साहेब हाय तो."

"नाही, चाचा. तुमच्या गावी जे जायचंय, ते इथूनच जाणार ना?"

 अलीमियाँनी थर्मास खाली ठेवला, हात पुसले, आणि ते हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले. सरळ, जसे नमाजाला उभे राहतात तसे.

सुयोग सरांनी घसा खाकरला. बुटांकडे बघत पुटपुटले, "अलीचाचा ने कुछ नहीं किया था. कंप्यूटर की बॅटरी खराब थी. गलती हमारी थी."

 नऊ नंबरवाला खाली बघू लागला. सुयोग सर वळून दाराकडे निघाले, तेवढ्यात अलीमियाँ अगदी अदबीने म्हणाले,

"साहब, जरा जोर से. सतरा नंबर तक नहीं पहुँचा."